रेडवुडपासून मोरपंखीपर्यंत: विदर्भात सूचीपर्णी झाड वाळत असेल तर काय तपासायचं

एप्रिल उतरणीला लागला की फोन सुरू होतात. कोणाच्या आवारातली मोरपंखी एका बाजूनं करपलेली असते, कोणाच्या फार्महाऊसवरचा अरौकेरिया शेंड्यापासून वाळत असतो, तर कोणी हौसेनं ऑनलाइन मागवलेलं 'रेडवुड' आठवडाभरात तपकिरी पडलेलं असतं. प्रश्न ठरलेला: "पाणी तं रोज देतो न भाऊ, मंग वाळलं कसं?"

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर भागात मी अशी झाडं लावतो, सांभाळतो आणि वाळायला लागलेली बघायलाही जातो. दोष बहुतेक सगळे उन्हाला देतात. ऊन आहेच, मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. पण मी उपसून पाहिलेल्या मेलेल्या झाडांमध्ये बरीचशी अशी होती की मुळं आधीच्या पावसाळ्यातच कुजली होती. सूचीपर्णी झाडाची पानं जाड मेणाच्या थराची असतात. मुळं मेली तरी ती कित्येक आठवडे हिरवीच दिसतात. पळस किंवा साग तहानला की लगेच पान टाकतो, हे झाड टाकत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये लागलेला रोग आपल्याला एप्रिलमध्ये दिसतो, आणि आपण अजून पाणी ओततो. खाली सांगितलेला तपासणीचा क्रम त्यामुळेच असा आहे. फुकटात होणारं आधी, खोदकाम शेवटी.

आधी लक्षण ओळखा

झाडापुढे पाच मिनिटं शांत उभे राहा. सगळीकडून फिरून बघा.

- फक्त नैर्ऋत्येकडची किंवा पश्चिमेकडची बाजू करपली, पूर्वेची हिरवीगार: ऊन, लू किंवा भिंतीची धग.
- सगळ्या बाजूंनी सारखीच टोकं जळालेली, आळ्यात पांढरा थर: खारं पाणी.
- नवी पालवी पिवळी, जुनी पानं त्यामानानं हिरवी: चुनखडी, म्हणजे लोह मिळत नाही.
- आतली, खोडाजवळची जुनी पानं तपकिरी, बाहेरचा घेर निरोगी: बहुतेक वेळा नैसर्गिक पानगळ.
- पानांवर धुळकट तांबूस झाक, बारीक जाळं: लाल कोळी.
- एकच फांदी वाळली, बाकी झाड ठीक: पोखरणारी अळी, उदई (वाळवी) किंवा खोडावरचा व्रण.
- सगळं झाड आधी मळकट राखाडी-हिरवं झालं आणि मग एकदम तपकिरी: मुळं. हे सगळ्यात वाईट लक्षण.

दोन लक्षणं एकत्र असू शकतात. अशक्त मुळांच्या झाडावर कोळी लवकर चढतो.

1. झाड कोणतं आणि महिना कोणता?

याला खर्च काहीच नाही. तरी हीच तपासणी लोक सोडून देतात.

डॉन रेडवुड आणि बाल्ड सायप्रस ही दोन्ही पानझडी आहेत. थंडीत ती विटकरी होतात आणि पानं टाकतात. डिसेंबरमध्ये झाड गंजल्यासारखं तांबडं झालं म्हणून उपटून फेकलेलं बाल्ड सायप्रस मी पाहिलं आहे. त्याचं खोड आतून ओलं, हिरवं होतं. फेब्रुवारीत ते फुटलं असतं.

'रेडवुड' या नावाखाली नर्सरीत चार वेगवेगळी झाडं विकली जातात, आणि चौघांची इथली गत वेगळी. ओळखायला फांदी हातात घ्या. पान चपटं, खालून दोन पांढरट पट्टे, झाड सदाहरित: ते कोस्ट रेडवुड. पान चपटं नसून खवल्यासारखं टोकदार, फांदीला चहूबाजूंनी चिकटलेलं: जायंट सेक्वोया. पान मऊ, फिकट हिरवं आणि सुया समोरासमोर जोडीनं: डॉन रेडवुड. तशीच मऊ पानं, पण एक इकडे एक तिकडे: बाल्ड सायप्रस किंवा त्याचा मेक्सिकोतला भाऊ, मोंटेझुमा सायप्रस.

कोस्ट रेडवुड कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या धुक्याच्या पट्ट्यातलं झाड. जगातलं सगळ्यात उंच झाड, 115 मीटरच्या वर गेलेलं 'हायपेरियन', याच जातीचं. तिथं उन्हाळ्यात पाऊस पडत नाही, पण समुद्रावरून धुकं येतं आणि झाड ते पाणी पानांवाटेही पितं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवेत ओलावाच उरत नाही, आणि रात्रीही पारा 28–30 च्या खाली येत नाही. जायंट सेक्वोया सिएरा नेवाडा डोंगरातलं, हिवाळाभर बर्फ पाहणारं. या दोघांना विदर्भाच्या मैदानात मोठं करण्याची आशा मी कोणाला देत नाही. चिखलदऱ्याला, हजार मीटरच्या वर, कोणाला हौस असेल तर कोस्ट रेडवुड लावून बघावं. सेलू-हिंगणघाटला नको.

डॉन रेडवुड मधलं आहे. हे झाड आधी जीवाश्मांवरून 1941 साली ओळखलं गेलं आणि नंतर चीनमध्ये जिवंत सापडलं. त्याला पाणी आवडतं, पण कोरडी लू सोसत नाही. पश्चिमेला दाट सावली आणि वर्षभर ओल असेल तरच लावा.

खरं टिकतं ते बाल्ड सायप्रस आणि मोंटेझुमा सायप्रस. रेडवुडच्याच कुळातली आहेत, ऊन सोसतात, आणि बोडीच्या काठावर, शेततळ्याच्या पाझरात, जिथं दुसरं काही टिकत नाही तिथं वाढतात. मेक्सिकोतल्या तुले गावात एक मोंटेझुमा सायप्रस आहे, त्याच्या खोडाइतकं जाड खोड जगात दुसऱ्या कोणत्याही झाडाचं नाही असं मानतात. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांच्या आसपास ज्यांची जमीन आहे त्यांनी रेडवुडचा नाद सोडून हेच लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि सुरू हे सूचीपर्णी नाही, दिसायला तसं असलं तरी. त्याचं निदान या यादीवरून करू नका.

2. नखानं साल खरवडा

वाळलेल्या फांदीच्या टोकापासून सुरुवात करा. नखानं पातळ साल काढा. खाली हिरवं आणि ओलसर असेल तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर वीतभर मागे या, परत खरवडा. जिथं हिरवं लागेल तिथं थांबा, तिथपर्यंतच कापायचं. खोडाच्या तळाशीही तपकिरीच लागलं तर पुढची एकही तपासणी करू नका. झाड गेलेलं आहे. खत, औषध, पाणी, सगळं वाया.

कापताना एक लक्षात ठेवा. मोरपंखी आणि जुनिपर जुन्या, पानं नसलेल्या लाकडातून परत फुटत नाहीत. खोलवर छाटलं की भोक कायमचं राहतं. अरौकेरियाचा शेंडा मेला तर तसा सरळ, सुबक शेंडा बहुधा येत नाही. बाल्ड सायप्रस मात्र बुडातूनही फुटतं, त्याला घाईनं उपटू नका.

3. करपलेल्या बाजूला काय आहे?

झाडाकडे पाठ करून करपलेल्या दिशेला बघा. टिनाचं शेड, सिमेंटचा रस्ता, पांढरी भिंत, मोकळं धुऱ्यापलीकडचं रान? दुपारी तीन वाजता तिथं हात धरून बघा, धग कळते.

उपाय स्वस्त आहे. पश्चिम आणि दक्षिण बाजूला पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा ताटवा झाडाच्या उंचीएवढा उभा करा, झाडापासून दोन-तीन फूट सोडून. पूर्व बाजू मोकळी ठेवा. हिरवी जाळी घ्यायची तर 50 टक्क्यांची, 90 ची नको. ती दाट असते, आत हवा कोंडते. हे काम फेब्रुवारी संपण्याआधी झालं पाहिजे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस, लागल्यावर जाळी बांधून करपलेली पानं हिरवी होत नाहीत. लांबचा विचार असेल तर पश्चिमेला शेवरीची किंवा एरंडीची दाट ओळ टाका, दोन-तीन वर्षं ती आडोसा धरते.

करपलेली पानं लगेच कापू नका. मागच्या पानांना तेवढीच सावली असते. पाऊस लागल्यावर कापा.

झाड कुंडीत किंवा काळ्या पिशवीत असेल तर कुंडीची उन्हाकडची कड हातानं तपासा. तिथली माती 45 ते 50 अंशांपर्यंत तापते आणि मुळांची कोवळी टोकं मरतात. कुंडीभोवती ओलं पोतं गुंडाळा किंवा ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवा. झाडाला सावली आणि कुंडी उन्हात, असं अनेक घरी दिसतं, त्याचा उपयोग नाही.

4. ओल कुठं आहे ते बघा, वर नाही, खाली

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

काळ्या मातीचा स्वभाव असा की ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मार्चपासून भेगा पडतात, एप्रिलमध्ये त्यात हात जातो. आळ्यात बादली ओतली की पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं. वरचा थर ओला दिसतो आणि मुळांजवळ कोरडं असतं. शिवाय भेग पडताना बारीक मुळं तुटतात, ते वेगळंच.

दुसरी गोष्ट नर्सरीच्या हुंडीची, म्हणजे रोपाच्या मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याची. पुणे, बंगळूर किंवा आंध्रातून आलेलं रोप लाल मातीच्या किंवा कोकोपीटच्या हुंडीत असतं. ती तशीच काळ्या जमिनीत बसवली की भोवतालची चिकण माती ओल धरून ठेवते, हुंडीला देत नाही. हुंडी आतून सुकते.

म्हणून असं करा. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खोडापासून वीतभर अंतरावर, हुंडीच्या आतच, खुरप्यानं सहा-आठ इंच खोल भोक करा. माती चिमटीत घ्या. मग हुंडीच्या बाहेर, दोन फुटांवर तसंच भोक करा. चार शक्यता निघतात.

आत कोरडं, बाहेर ओलं: पाणी हुंडीला मिळत नाही. एक ड्रीपर थेट हुंडीवर आणा, एक बाहेर ठेवा, आणि बारीक धारेनं दोन-तीन तास चालू द्या.

दोन्हीकडे कोरडं: पाणी भेगांत जातंय. आधी भेगा मातीनं बुजवा, कोळपून वरचा थर भुसभुशीत करा, मग हळू पाणी द्या. तीन-चार वर्षांच्या झाडाला मे महिन्यात मी साधारण 40 लिटर पाणी देतो, पाच-सहा दिवसांनी एकदा. रोज तांब्याभर पाणी देणं सगळ्यात घातक, कारण मुळं वरच राहतात आणि वरचाच थर सगळ्यात जास्त तापतो.

दोन्हीकडे नुसती ओल, माती चुरली जाते: पाणी ठीक आहे, पुढच्या तपासणीकडे जा.

दोन्हीकडे चिखल, वास आंबट किंवा नासका: पाणी ताबडतोब बंद. ही मुळांची केस आहे, खाली सहाव्या तपासणीत बघा.

आळ्यावर सोयाबीनचं कुटार किंवा गव्हांडा तीन-चार इंच जाड पसरा. खोडाला चिकटवू नका, चार बोटं सोडा. कुटार खोडाला लागलं की उदई चढते, आणि ओलीनं साल कुजते. एवढ्या एका कामानं भेगा निम्म्याहून कमी होतात.

5. पांढरा कागद

तांबूस झाक आलेल्या फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदीला दोनदा टिचकी मारा. कागदावर धूळ पडेल. थांबा. धुळीतले काही ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी. बोटानं ओढल्यावर तांबडी रेघ उमटते. कच्च्या रस्त्याच्या कडेच्या झाडांवर तो हमखास असतो, कारण धूळ आणि कोरडी हवा दोन्ही त्याला मानवतं.

पहिला उपाय पाणी. सकाळी लवकर, जोरदार धारेनं, पानांच्या खालून, दर तीन-चार दिवसांनी. दोन आठवड्यांत बहुतेक वेळा भागतं. मे महिन्यात गंधक फवारू नका, 35 अंशांच्या वर गंधकानं पानं जळतात. निंबोळी तेलही भर उन्हात नको.

घरात उरलेलं कपाशीचं कीटकनाशक यावर मारायचा मोह होतो. कृपा करून मारू नका. बरीच कीटकनाशकं कोळ्याला मारत नाहीत, कोळी खाणारे मित्रकीटक मात्र मारतात, आणि पंधरा दिवसांत कोळी दुप्पट जोमानं येतो. माणसाच्या जीवाचा प्रश्न त्याहून मोठा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आवारातल्या शोभेच्या झाडासाठी, लेकरं खेळतात तिथं, असलं औषध आणूच नये. कोळीनाशक लागलंच तर कृषी विज्ञान केंद्रात विचारून, लेबल वाचूनच.

पंप कोणता वापरताय तेही बघा. तणनाशकाचा पंप न धुता वापरला किंवा धुऱ्यावर फवारलेलं तणनाशक वाऱ्यानं आलं तर कोवळे शेंडे वाकडेतिकडे वळतात आणि पिवळे पडतात. औषधाच्या दुकानात कोणी त्याला रोग म्हणून दुसरं औषध देऊ शकतं.

6. पाणी, चुना आणि मुळं

आता खर्च सुरू होतो.

पालवी पिवळी असेल तर दीड फूट खालची माती घ्या आणि तिच्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुना भरपूर आहे. संत्रा बागायतदारांना हा प्रकार ओळखीचा आहे, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. अशा जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग होत नाही, चुना त्यातलं लोह अडकवून ठेवतो. चिलेटेड लोह घ्यायचं तर पुड्यावर 'ईडीडीएचए' लिहिलेलंच घ्या. 'ईडीटीए' स्वस्त मिळतं, पण चुनखडीच्या जमिनीत ते टिकत नाही.

सगळ्या बाजूंनी टोकं जळाली असतील तर बोअरचं पाणी तपासा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात हे पहिलं कारण धरा. क्षारता 2 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आली तर त्या पाण्यावर मोरपंखीही रडतखडत जगते. शेततळ्याचं किंवा छतावरचं साठवलेलं पावसाचं पाणी तरी द्या, किंवा सूचीपर्णी झाडाचा विचार सोडा. दुसरा मार्ग मला माहीत नाही.

मग मुळं. हे काम संध्याकाळी करा. हुंडीच्या एका बाजूला टोंगळ्याएवढा खड्डा घ्या, फक्त एका बाजूनं. निरोगी मूळ आतून पांढरं आणि ताठ असतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल बाहीसारखी निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो. मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली दिसली तर रोप लावतानाच ती कापायला हवी होती. दोन-तीन वर्षांचं झाड असेल तर ती गुंडाळी उभी कापून, पावसाळा संपल्यावर पुन्हा लावता येतं. मोठ्या झाडात हात घालू नका.

कुजण्यामागे बहुतेक वेळा तुंबलेलं पाणी आणि त्यावर वाढणारी बुरशी असते. संत्र्यावर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, आणणारी फायटोफ्थोरा त्याच घराण्यातली. म्हणून डिंक्यानं मेलेल्या संत्र्याच्या खड्ड्यात सूचीपर्णी झाड लावायचं नाही.

जमीन पाणी सोडते का, ते शेजारीच तपासा. दीड फूट खड्डा, पाणी भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर ती जागा फक्त बाल्ड सायप्रसची. काळ्या मातीत खोल खड्डा करून त्यात शेणखत भरणं म्हणजे पावसाळ्यासाठी हौद बांधणं आहे.

इथं थांबा, माणूस बोलवा

खोडावर चीक गळतोय आणि खालची साल अर्ध्या घेराहून जास्त मेलेली आहे. एकामागून एक शेजारची झाडंही जातायत. खोडात भोकं आणि भुसा दिसतोय, किंवा उदई घराच्या पायापर्यंत पोचली आहे. या तिन्ही वेळी दुकानातून औषध आणून अंदाजानं टाकू नका. नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात न्या. नमुना म्हणजे पूर्ण मेलेली फांदी नव्हे. अर्धी वाळलेली, अर्धी हिरवी असा सांधा असलेली फांदी, आणि मातीसकट मूठभर बारीक मुळं. प्लास्टिकच्या पिशवीत, पाणी न शिंपडता, सावलीत ठेवून, त्याच दिवशी.

दोन माणसांहून उंच झाड वाळून घराकडे किंवा तारांकडे कललं असेल तर स्वतः चढू नका. मेलेल्या सूचीपर्णी झाडाच्या फांद्या ठिसूळ होतात, दोर बांधलेली फांदीच मोडते. आधी लाईनमनकडून वीज बंद करून घ्या, मग अनुभवी तोडणारा बोलवा. तोडायला परवानगी लागते का, ते ग्रामपंचायतीत आणि वनखात्यात आधी विचारा.

रिकाम्या झालेल्या जागी लगेच त्याच जातीचं रोप बसवू नका. मुळं वेचून काढा, खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या. नंतर मुरूम आणि माती मिसळून दीड-दोन फूट उंच, पाच-सहा फूट रुंद उंचवटा करा आणि रोप त्यावर लावा. लोक जुलैत लावतात. पाण्याची सोय असेल तर मी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर धरतो. तुंबणारं पाणी तोवर ओसरलेलं असतं, आणि मार्चपर्यंत मुळांना हुंडीबाहेर पडायला पाच महिने मिळतात.